सासरे वेल्डिंग शिकतात

माणसं नेरुळला राहतात, सीवूड्सला राहतात, पनवेलला राहतात. माझे सासरे रागात राहतात. पत्ता म्हणायला करावे गावाच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्याचा आहे, पण तो टपालापुरता. सकाळी उठतात ते रागावून, कारण हॉलमधला पंखा आदल्या रात्री कोणीतरी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चालू ठेवलेला असतो. चहा पितात तो रागावून, कारण दूधवाल्याने पिशवी कडीला न अडकवता पायपुसण्यावर टाकलेली असते. पेपर तर ते रागावण्यासाठीच घेतात. हा राग आरडाओरड्याचा मात्र नव्हे. आवाज चढला की माणूस हरला, असं त्यांचं ठाम मत आहे. राग आला की त्यांची भाषा सुधारते, एवढंच. एरवी मला 'अगं' म्हणणारे सासरे चिडले की 'आपण' म्हणतात. माझा नवरा शाळेत गणितात नापास झाला तेव्हा ते त्याला 'आपला निकाल पाहिला, या, बसा' एवढंच म्हणाले होते. तो आता चाळिशीला आलाय, पण कोणी 'या, बसा' म्हटलं की अजून पटकन बसत नाही. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यांच्या कानात यंत्र आहे. घरात कोणी कोणाला 'आपण' म्हणायला लागलं की त्या यंत्र काढून कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवतात आणि शांतपणे भाजी निवडायला घेतात.

सासऱ्यांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रकमध्ये कांदे आहेत असं ड्रायव्हर म्हणाला की पोत्यात लोखंडी सळी खुपसून पाहायची आणि कांद्यांखाली काय आहे ते शोधायचं, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या सचोटीने केलं की नाक्यावरचे बाकीचे लोक त्यांच्या रजेची वाट पाहायचे. पण त्या नोकरीने त्यांना एक सवय लावली. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय, हे ते धरूनच चालतात. तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालतात. पेढ्यांच्या पुड्यातला पेढा खालच्या थरातून उचलतात. आमच्या लग्नात त्यांनी रुखवतातल्या लाडवांच्या डब्यात तळापर्यंत चमचा घालून पाहिला. तळाशी कागदाचे बोळे होते. डबा भरलेला दिसावा म्हणून माझ्या आईने ते भरले होते. त्या दिवशी ते कोणाला काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी महिन्यांनी, मी त्यांना मन लावून पोहे वाढत असताना, सहज म्हणाले, "तुमच्या डब्याला खोटा तळ होता." तेवढ्यावर विषय संपवला. माझी आई आमच्याकडे यायची म्हटलं की अजून घाबरते.

अशा माणसाची गाडी ही काही साधी गाडी नव्हती. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांनी ती नवी घेतली, आणि तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. काच वर-खाली करायची तर विचारून करायची. दार लावायचं ते आपटून नाही आणि हळूही नाही. त्याचा एक नेमका आवाज आहे आणि तो माझ्याकडून अजून निघालेला नाही. पण आमच्या पार्किंगला खाडीचा वारा थेट लागतो. आमच्याकडे ग्रिल गंजतात, सायकली गंजतात, लिफ्टची दारं गंजतात. गाडीही गंजायला लागली. आधी दारांच्या कडांना फोड आले, मग चाकांच्या वरच्या भागात, आणि एक दिवस धुताना खालून तांबड्या पाण्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे आले. सासरे ती गाडी जवळच्याच एका गॅरेजवाल्याकडे घेऊन गेले. त्याने पंधरवडाभर ठेवली आणि चकाचक करून परत दिली. "बुडाचा सगळा पत्रा नवीन टाकलाय काका, आता बघायलाच नको," असं तो म्हणाला. सासरे वाकून बघायला लागले, तर खाली सगळं काळंकुळकुळीत आणि गुळगुळीत. पोत्यात सळी खुपसायची ती एक वेळ त्यांनी चुकवली.

त्यानंतर फार दिवस गेले नव्हते. मी आणि सासरे पनवेलला माझ्या नणंदेकडे चाललो होतो. ते चालवत होते, मी शेजारी. पामबीच रोडवर एक टेम्पो अचानक आडवा आला. सासऱ्यांनी ब्रेक मारला. शेजारी बसलेली बाई जो मारते तो ब्रेक मीही मारला, सगळा जोर लावून, आणि माझा उजवा पाय गाडीच्या बाहेर गेला. खालून. चप्पल रस्त्यावर राहिली आणि नडगी घोट्यापासून वरपर्यंत सोलून निघाली. गाडी तोवर जवळजवळ थांबली होती म्हणून पाय राहिला, असं टाके घालणाऱ्या डॉक्टर नंतर म्हणाल्या. सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं, रबरी चटई उचलली. चटईखाली रस्ता होता. ते बराच वेळ त्या भोकाकडे बघत उभे राहिले. आम्ही दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. 'आपण'सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजवर निघाले तेव्हा मीही हट्टाने गेले, पायाला पट्टी बांधून. त्यांनी फ्रीजवरचा माशाच्या आकाराचा चुंबक खिशात घातला होता. गॅरेजवाल्यासमोर त्यांनी तो मासा गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. जिथे पत्रा होता तिथे मासा चिकटला, जिथे नव्हता तिथे खाली पडला. मासा सारखा पडत होता.

"हे काय आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"पुट्टी आहे काका. वर फायबर मारलाय. सगळे तेच करतात."

"सगळे काय करतात ते मी विचारलं नाही. मी पत्रा सांगितला होता."

"काका, खाडीची हवा आहे इकडची. पत्रा टिकत नाही. पुट्टीला गंजच लागत नाही."

"आणि माणसाच्या पायाचं काय?"

त्याने माझ्या पट्टीकडे पाहिलं आणि अगदी मोकळ्या मनाने म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, चटईखाली प्लाय टाकून देतो ना. मटेरियलचे तेवढे द्या."

उरलेली चप्पल पायातून काढावी असं मला फार वाटलं. सासरे म्हणाले, "आपला आभारी आहे." त्यांच्या भाषेत याहून खालची शिवी नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने निकाल देऊन टाकला. "भंगारात काढा. पंधरा वर्षं होत आलीयेत, पुढचं पासिंग तसंही होणार नाही. नवीन घेऊ."

"नवीन गाडीच्या खाली काय आहे ते आपण पाहिलंय?"

"मग दुसऱ्या गॅरेजला टाका."

"दुसरा पुट्टीचा रंग बदलेल."

"मग करणार काय?"

"मी जोडीन," सासरे म्हणाले.

नवरा हसला. सासूबाईंनी यंत्र काढलं. बाप-लेकांचं बोलणं त्या दिवशी जे बंद झालं ते बरेच महिने बंद राहिलं, आणि निरोप द्यायला-घ्यायला मी. 'त्यांना सांग, विम्याची तारीख आली.' 'त्यांना म्हणावं, आपण काळजी करू नये.' पाय माझा फाटला होता, टाके माझे दुखत होते, आणि हे दोघं गाडी कोणाच्या मताने चालणार यावर रुसून बसले होते. सगळ्यात जास्त राग मला आला होता, आणि त्याबद्दल मला कोणी विचारलंही नव्हतं.

शिरवणे गावाच्या तोंडाशी गेट आणि खिडक्यांचे ग्रिल बनवणारी एक शेड होती. तिचे मालक नाना. नाना तिथलेच, आगरी. बापजाद्यांची शेती गेली आणि तिच्या जागी त्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. भाडं येतं, हाताने काम करायची काही गरज नाही. पण घरी बसलं की मुलगे आपल्याला समजावून सांगतात, हे त्यांना सहन होत नसे, म्हणून ते शेडमध्ये येऊन बसत. थोडक्यात, नवी मुंबईत माझ्या सासऱ्यांच्या तोडीचा एकच माणूस होता आणि सासऱ्यांनी तो बरोबर शोधून काढला.

"मला वेल्डिंग शिकायचंय," सासरे त्यांना म्हणाले.

"कोनाला?"

"मला."

"तुमचा वय काय?"

"आपल्याइतकंच असावं."

"म्हून तं सांगतो, जावा घरी. डोलं जातील."

"डोळे माझे आहेत."

"शेड माजी हाय."

सासरे परत आले. दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन गेले आणि शेडच्या बाहेर, सरकारी रस्त्यावर, नानांकडे तोंड करून बसले. नाक्यावर ट्रककडे बघायचे तसे. असे काही दिवस गेल्यावर नाना वैतागून बाहेर आले. "काका, तुमी असं बघत बसलात तं माजा हात कापतो. घ्या ह्यो मुखवटा, जालून घ्या स्वतःला."

सासरे शिकू लागले, म्हणजे भांडू लागले. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला चिकटायचा. चिकटलेल्या रॉडला सासरे 'सोडता का आपण' म्हणाले, हे मला नानांनीच सांगितलं. काळ्या काचेच्या आड नाना नक्की काय करतात ते उघड्या डोळ्यांनी पाहावं, म्हणून एकदा सासऱ्यांनी मुखवटा बाजूला करून थेट ठिणगीकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना. मग काळा चष्मा लावून घरी बसले आणि डॉक्टरांवर रागावले, कारण डॉक्टरांनी 'या वयात कशाला' असं विचारलं होतं. चष्मा उतरला त्या दिवशी पुन्हा शेडवर हजर.

शेडवरून ते सरावाचे तुकडे घरी आणायचे. दोन पट्ट्या मध्ये जोडलेल्या. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "मोड." पहिल्या वेळी मी नको म्हटलं. मग मला तो गॅरेजवाला आठवला आणि त्याचा प्लाय आठवला. मी तुकडा गॅलरीच्या उंबऱ्यावर आडवा ठेवला आणि वरवंटा घातला. खटकन मोडला. सासऱ्यांनी दोन्ही भाग उचलले, मोडलेली कड उजेडात धरून पाहिली आणि दोन्ही घेऊन आत गेले. पुढच्या आठवड्यात दुसरा तुकडा. मी तोही मोडला. मला हळूहळू ते आवडायला लागलं. ऑफिसातून चिडून आलेल्या दिवशी मीच विचारायची, "बाबा, आज काही आणलंय का?" खालच्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना सांगितलं, "आमच्या सूनबाई तपासणी करतात."

जाड लोखंड जमायला लागलं, पण गाडीचा पत्रा पातळ. त्याला रॉड लागला की सांधा राहायचा बाजूला, भोकच पडायचं. नाना आधी म्हणाले होते, "आपुन काय बी जोडतो." त्यांनी स्वतः करून पाहिलं तर सासऱ्यांपेक्षा मोठं भोक पडलं. त्यांनी तो तुकडा रस्त्यावर भिरकावला. "ह्यो पत्रा नाय, पापड हाय." पण आता तो नानांच्याही अब्रूचा प्रश्न झाला. दोघं मिळून कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेले. तिथे माल टनांनी विकला जातो. "किती पाहिजे?" असं विचारल्यावर सासऱ्यांनी हाताने दाखवलं, "वर्तमानपत्राएवढा." चार दुकानांतून त्यांना हाकललं, पाचव्याने कापून उरलेले पातळ तुकडे फुकट दिले, त्यामुळे सासरे पाचव्यावरच जास्त रागावले. तिथेच ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका यार्डात त्यांना बारीक तारेने वेल्डिंग करायचं मशीन दिसलं. पातळ पत्र्याला तेच लागतं. नानांनी यार्डवाल्याशी तासभर वाद घालून त्याचं जुनं मशीन विकत घेतलं. "माज्या कामाला लागल," म्हणाले. गेट बनवणाऱ्याच्या कुठल्या कामाला लागेल, ते कोणी विचारलं नाही.

मग एक दिवस सासऱ्यांनी पातळ पत्र्याचा तुकडा आणला. मी वरवंटा घातला. वाकला. पुन्हा घातला, उलटा करून घातला, वर उभी राहिले. पत्रा चुरगळला, पण सांधा सुटला नाही. सासऱ्यांनी तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "हं." आमच्या घरात याच्या वरचं बक्षीस नाही.

गाडी शेडमध्ये गेली. बॅटरी, सीटा, पेट्रोलची टाकी, सगळं बाहेर निघालं. गंजलेला भाग चमकणारं लोखंड लागेपर्यंत कापायचा, त्यावर ठिगळाच्या मापाचा पत्रा बसवायचा, आधी लांबलांब टाके टाकायचे आणि मग मधल्या जागा भरायच्या. सासरे सकाळी डबा घेऊन जायचे ते संध्याकाळी काळे होऊन यायचे. अख्खा हिवाळा त्यात गेला.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांचा डबा घरी राहिला म्हणून मी तो घेऊन शेडवर गेले. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली होती. सासरे डब्यातला रंग ढवळत होते. मी सहज वाकून खाली पाहिलं. माझ्या बाजूला, डावीकडे, पुढपासून मागपर्यंत नवा पत्रा होता. सांधे वेडेवाकडे होते, पण जाड, एकाला दोन ठिगळं लावलेली. तेवढ्यात नाना माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, तुमीच सांगा यांना. स्वतःची बाजू तशीच ठेवलीय. म्हनतात झाला, आता रंग मारू."

मी उठले, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याला टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मला माझ्या आयुष्यात इतका राग आला नव्हता. पाय गाडीतून खाली गेला तेव्हाही नाही. "बाबा," मी म्हणाले, "या. आपण बसा."

ते बसले. खरंच बसले, रंगाचा डबा मांडीवर घेऊन.

"हे काय आहे?"

"त्या बाजूला मी बसतो," ते म्हणाले. "पाय कुठे ठेवायचा नाही ते मला माहीत आहे."

"त्या माणसाने पुट्टी भरली म्हणून आपण इतके महिने रागावलात. आणि आता आपणच वरून रंग मारून गाडी पासिंगला नेणार? माझ्या आईने डब्यात कागद भरले होते ते आपल्याला चाललं नाही." माझा आवाज चढला होता. मी रडत होते आणि रडू येतंय याचाही मला राग येत होता. "माझा पाय राहिला. आपला गेला तर? घरी आईंना मी काय सांगू? आणि शेजारी बसून ते बघायचं कोणी, मीच ना?"

नाना पाठ फिरवून उगाच कोपऱ्यातल्या सळ्या रचू लागले. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फार हळू म्हणाले, "खांदा दुखतो गं. हात वर धरवत नाही आता."

किती दिवस दुखत होता, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, "शिरवण्याला ये. आत्ता." तो आला. कपाळाला आठ्या घालून, पण आला. त्याने बापाकडे पाहिलं नाही, गाडीखाली पाहिलं. नानांनी त्याच्या हातात मोजे दिले आणि पत्र्याचा तुकडा दिला. वडिलांच्या जागी नाना मशीन धरणार, नवरा पत्रा दाबून ठेवणार आणि सासरे खुर्चीवर बसून चुका काढणार, असं ठरलं. ठरवलं कोणी नाही, तसं होत गेलं.

"आपण तिरकं धरताय," सासरे म्हणाले.

नवऱ्याने पत्रा सरळ केला.

"अजून तिरकं आहे."

"बाबा, तुम्हाला तिथून दिसतंय का?"

"मला सगळं दिसतं," सासरे म्हणाले. थोड्या वेळाने ठिणग्या उडायला लागल्या, नवऱ्याने तोंड फिरवलं, आणि त्यांनी खुर्चीतून अर्धवट उठून आपला मुखवटा त्याच्या तोंडापुढे धरला. "धर नीट. डोळे मीट, गाढवा."

मी डबा उघडला आणि पोळ्या मोजायला लागले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

गाडी पास झाली. आरटीओतल्या तपासणी करणाऱ्या माणसाने दिवे, ब्रेक, धूर पाहिला आणि 'घेऊन जा काका' म्हणाला, तरी सासरे हलेनात. 'खाली बघा' म्हणाले. मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. शेवटी तो माणूस बॅटरी घेऊन वाकला. बऱ्याच वेळाने वर आला आणि म्हणाला, "दिसायला बेकार आहे. पण हे तुटणार नाही." सासरे घरी येईपर्यंत 'दिसायला बेकार' या शब्दांवर धुसफुसत होते.

त्यालाही आता काळ लोटला. नानांच्या मुलांनी शेडची जागा बिल्डरला दिली. शेड पाडली त्या दिवशी नाना आणि सासरे समोरच्या टपरीवर बसून होते, असं टपरीवाला सांगतो. सासऱ्यांचा खांदा पुरता धरला, तेव्हापासून गाडी मी चालवते. न सांगता एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या पर्सशेजारी ठेवली. संध्याकाळी मी त्यांना आणि नानांना करावे गावाच्या खाडीवर सोडते आणि अंधार पडायच्या आत आणायला जाते.

परवा गेले तर दोघं खाडीकडे तोंड करून बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. येऊन मागच्या सीटवर बसले.

"पानी बरंच चढलं आज," नाना म्हणाले.

"हो, चढलं," सासरे म्हणाले.

एवढंच. पूर्वी एवढ्यावरून भरतीची वेळ निघाली असती, मग पंचांग निघालं असतं, मग कोणाचं पंचांग खरं ते निघालं असतं. आता दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. मी आरशात पाहिलं. दोन पांढरी डोकी, गाडीबरोबर एका लयीत हलणारी. मला ते बघवेना.

"नाना," मी विचारलं, "शेवटी खरं सांगा. हात कोणाचा चांगला होता? तुमचा की बाबांचा?"

नानांनी घसा खाकरला. "आता ताई, तुमी ईचारलाच हाय तं..."

"आपण सांगू नका," सासरे म्हणाले. "आपलं भोक मोठं होतं."

"माजा भोक? काका, तुमचा पयला टाका मी आजून इसरलो नाय."

घराकडे वळायचा सिग्नल आला. हिरवा होता. मी न वळता सरळ पुढे गेले.